आणि पार्टी

१ जानेवारी १९८६, बुधवार

रसायनीच्या आमच्या कारखान्याला रंग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने आज स्टोअरमधल्या सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. साहेबांना चामड्याच्या, आम्हाला पुठ्ठ्याच्या. बाकीच्यांनी आपापल्या डायऱ्या धोब्याच्या हिशोबाला नाहीतर दुधाला लावल्या. मी मात्र ठरवलं की रोज लिहायचं. कलावंताच्या आयुष्यात केव्हा काय घडलं याची नोंद नसली की पुढे चरित्रकारांचे फार हाल होतात.

तर चरित्रकारांच्या सोयीसाठी: मी श्रीपत कडावकर, मुक्काम कडाव, तालुका कर्जत, वय छत्तीस. बारा वर्षं पेटी वाजवत गातो आहे. जयंती, वैशाख पौर्णिमा, लग्न, नामकरण, बोलावणं येईल तिथे. सोबत ढोलकीला लडकू. तो रेल्वेत गँगमन आहे आणि हातोडा व ढोलकी दोन्ही सारख्याच जोराने मारतो. खंजिरीला आणि मागे ‘जी जी’ करायला आमची मंडळी. मंडळी म्हणजे एकटी बायकोच, पण घरात तिचं बोलणं चारजणींइतकं, म्हणून मंडळी.

संकल्प: यंदा स्वतःची कॅसेट काढायची. मंडळीला सांगितलं. ती मिरच्या निवडत होती. म्हणाली, “काढा की. आदी ते छपराचं कौल काढा फुटलेलं.”

५ जानेवारी, रविवार

मेहुणा वाल्मिक मुंबईहून आला. बंदरात क्रेनवर असतो. बोटीवरच्या कुणा परदेशी खलाशाकडून त्याला एक कॅसेट मिळाली, ती मोठ्या कौतुकाने लावून दाखवली. ऐकून मला त्या माणसाची दयाच आली. तो गातच नव्हता. ठेका छान चालला होता, आणि हा आपला त्यावर भडाभडा बोलत सुटलेला. ना सूर, ना आलाप. बहुधा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला असावा.

मंडळी भाकरी थापत होती. हात थांबवून ऐकत राहिली आणि म्हणाली, “भाऊ, हा बाप्या उखाणा घेतोय.”

वाल्मिक म्हणाला, “ताई, तुला काय कळली भाषा?”

“भाषा नाय कळली. पर मधीच श्वास कुटं घेतोय ते कळलं. लांब उखाण्यात तितंच घ्यावा लागतो.”

तिने ती कॅसेट परत लावायला लावली. तीनदा. तव्यावरची भाकरी करपली, ती मला मिळाली.

१२ जानेवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस. कर्जतला गजाच्या साउंड सर्विसमध्ये माझी पहिली कॅसेट ध्वनिमुद्रित झाली. लग्नाला भोंगे लावणारा गजा तोच. खिडक्यांना गोधड्या बांधल्या होत्या. तरी तिसऱ्या गाण्यात घाट चढायला जोडलेल्या इंजिनाची शिट्टी आलीच. गजा म्हणाला, राहू दे, कर्जतची खूण.

माझी आठ गाणी. पहिल्या बाजूला पाच, त्यात ‘मानवतेचे कमलपुष्प’ सोळा कडव्यांचं. दुसऱ्या बाजूला तीन. तरी शेवटी थोडी टेप कोरी उरली. गजा म्हणाला, “श्रीपतराव, कोरी नको. गिऱ्हाईक म्हणतंय कॅसेट बिघडली, नि परत आणून देतंय.”

माझा घसा सोळाव्या कडव्यालाच गेला होता. मी म्हणालो, मंडळीला बसव, लग्नात घेते तसला एखादा लांब उखाणा घेईल, भरून जाईल जागा. आणि मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला मोरीकडे गेलो. परत आलो तर लडकू घामाघूम आणि गजा खुर्चीवरून खाली बसून हसतोय. काय झालं विचारलं तर मंडळी म्हणाली, “काय नाय, भरली जागा.”

डबीवरच्या कागदासाठी मजकूर दिला: श्रीपत कडावकर आणि पार्टी. गजाने पंचवीस प्रती काढायला घेतल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

यश म्हणतात ते हेच! पंचवीस संपल्या, गजाने आणखी शंभर काढल्या. चौक गावच्या नाक्यावर टेंपोवाले लावतात. माथेरानात घोडेवाले लावतात. तिथल्या दस्तुरी नाक्यावर एका घोडेवाल्याने मला ओळखलं आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, “अरे, हेच ते श्रीपतराव! बाजूला सरका!” सगळे हसत हसत बाजूला झाले. मोठ्या माणसाला वाट करून द्यायची पद्धत अजून या डोंगरात शिल्लक आहे, हे पाहून डोळे भरून आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक नवल नोंदवून ठेवतो. आज कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने आपली कॅसेट दाखवली. दुसरी बाजू घासून खरखरायला लागली आहे. पहिली मात्र कोरी करकरीत. विचार केल्यावर उलगडा झाला. चांगली भांडी माणूस फळीवर ठेवतो आणि रोज वापरतो ती साधी. लोक माझं ‘कमलपुष्प’ जपून ठेवतात.

हे मंडळीला सांगितलं. ती ताट पुढे सरकवून म्हणाली, “ज्येवा आता.”

९ मार्च, रविवार

दादरच्या एका कॅसेट कंपनीच्या शहाशेठचं पत्र! दुसरी कॅसेट ते काढणार, मुंबईत, खऱ्या स्टुडिओत. पत्रात लिहिलंय, ‘बेनना अवश्य आणावे.’ गुजराती माणसं घरच्या बाईचा मान फार ठेवतात.

शेजारच्या बायका अलीकडे सारख्या आमच्या ओट्यावर. कुणाला भाचीच्या लग्नासाठी उखाणा हवा, कुणाला नणंदेला टोमणा बसेल असा हवा. मंडळी कांदा चिरता चिरता देते. माझ्या रियाजात व्यत्यय येतो, पण प्रसिद्धीबरोबर गर्दी आलीच.

१६ मार्च, रविवार

मुंबईचं ध्वनिमुद्रण झालं. स्टुडिओत थंडगार, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे. शहाशेठने आधी मंडळीलाच माइकपुढे उभं केलं. मला वाटलं, आवाज तपासत असतील. तिने माथेरानचा नवा उखाणा घेतला:

माथेरानचा घोडा, घोड्यावर सायब,
चढ लागला पयला, रुबाब गायब,
सायब म्हणतो, घोड्या, वर मला चढव,
घोडा म्हणतो, सायबा, पोट आदी दडव!

असे नऊ झाले. दर वेळी शेवटी ‘श्रीपतरावांचं नाव घेते’ आलंच. मग शेठ मला म्हणाले, तुम्ही मागून ‘हां जी’ म्हणा. म्हटलं. माझी पाच नवी गाणी त्यांनी कागदावरच घेतली आणि म्हणाले, पुढच्या वेळी बघू. उत्तम आवाज घाईत उरकू नये, हे त्यांना कळतं.

निघताना शेठने विचारलं, “डबीवर लिहायला बेनचं नाव काय?”

मी म्हणालो, “नाव कशाला? श्रीपत कडावकर आणि पार्टी. पार्टीत त्या आल्याच.” शेठने मंडळीकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

कर्जतला उतरल्यावर फलाटावर मंडळीला गरम वडा घेऊन दिला, तो तिने लडकूला दिला. पित्त झालं असावं.

८ एप्रिल, मंगळवार

दुसरी कॅसेट आली. डबीवर माझा रंगीत फोटो, फेट्यासह! मागे कोपऱ्यात खंजिरी धरलेला एक हात दिसतो, तो मंडळीचा.

मंडळीने डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मसाल्याच्या डब्याखाली ठेवून दिली. म्हणाली, “हात बरा आलाय.”

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीचा कार्यक्रम, कर्जत. एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या दोन गाण्यांना त्यांनी शांतपणे चहा घेतला. मग मंडळीचा पहिल्या कॅसेटमधला मिरचीचा उखाणा सुरू झाला आणि मैदान उभं राहिलं. पण शेवटी मंडळी ‘मिरच्या दिल्या दोगांना, लागला ठसका’ इथपर्यंत आली आणि गप्प झाली. नावाची जागा आली, नाव नाही. लडकूची ढोलकी एकटीच चालू. मग लोकच ओरडले, “श्रीपतरावांचं नाव घेते, बाजूला सरका!”

हजार माणसांच्या तोंडी माझं नाव! मी हात जोडले. मंडळीने मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली बुधी करवंदं विकायला आली. आत कॅसेट चालू होती. पाटी डोक्यावर तशीच ठेवून पार संपेपर्यंत ऐकत राहिली. मग डबी मागून घेतली, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “डबीवर तर ह्यो बाबा. मग आत बोलते कोन?”

मी समजावून सांगितलं की डबीवर कलावंताचं चित्र असतं आणि आत त्याची कला असते. बुधी म्हणाली, “व्हय, पर बोलते कोन?”

आत मंडळी हसली. महिन्याभराने हसली. करवंदं दोन वाटे घेतली.

४ मे, रविवार

तिसऱ्या कॅसेटची तालीम ठेवली होती. मंडळी खंजिरी घेऊन बसलीच नाही. “मी नाय बोलणार आता,” म्हणाली.

“का?”

“माजा घसा बसला.”

हे सांगताना आवाज खणखणीत होता. लडकू म्हणाला, “वहिनी, असं नका करू, मी रजा टाकलीय.” तर ती म्हणाली, “लडकूभाऊ, पार्टी काय, कुणाचीबी हुते. दुसरी बगा एखादी.”

मी म्हणालो, तिच्यावाचून अडतंय कुठे, गाणी माझी आहेत. आणि शेठला तसं पत्र टाकलं: तिसरी कॅसेट फक्त माझ्या गाण्यांची करू.

१३ मे, मंगळवार

शेठचं उत्तर. उतरवून ठेवतो, कारण कागद फाडून टाकावासा वाटतोय.

‘बेन नसतील तर कॅसेट नाही. आपली पाच गाणी परत पाठवत आहे.’

एवढंच. गाण्यांच्या कागदांना घडीसुद्धा नव्हती पडली.

१४ मे, बुधवार

कामावर गेलो नाही. मंडळी भाजी विकायला कर्जतच्या बाजाराला गेली होती. मी पहिली कॅसेट काढली आणि दुसरी बाजू लावली. माझी तीन गाणी झाली की मी नेहमी बंद करतो. आज पहिल्यांदाच चालू ठेवली.

कडावच्या फाट्यावर यस्टीची वाट,
यस्टी आली भरून, दांडीला हात,
हातात टोपली, टोपलीत मिरची,
शेठला बसाया तीन पायांची खुर्ची,
खुर्चीत शेठ नि हातात काटा,
काट्याला लावतो आंगठा बेटा,
आंगठा काढ शेठ, पोलीस बघतो!
पोलीस कुटं बघतो, तोबी मिरच्या मागतो!
मिरच्या दिल्या दोगांना, लागला ठसका,
श्रीपतरावांचं नाव घेते, बाजूला सरका!

हे मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. सोळा कडव्यांत मी मानवता शोधली आणि ही दहा ओळींत अख्खा बाजार घेऊन आली. बाजारातला तो शेठ मला माहीत आहे. तो पोलीसही. बाजारच्या दिवशी ती कुठे जाते, काय सोसते, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि ती ते टेंपोवाल्यांना सांगत होती. आणि एवढं करून शेवटी नाव कुणाचं घेतलं? माझं.

तो उखाणा चारदा ऐकला. मग पहिली बाजू लावली. लाज वाटली म्हणून कमलपुष्प सातव्या कडव्याला बंद केलं. तेही जरा उशिराच केलं.

चौकच्या नाक्यावर आणि दस्तुरीवर लोक का हसत होते, तेही आज कळलं. चरित्रकारांनी फेब्रुवारीची पानं गाळली तरी चालतील.

१५ मे, गुरुवार

मंडळीला म्हणालो, “चुकलो. तुला काय पाहिजे ते सांग. डबीवर फोटो? शेठला कळवतो.”

ती म्हणाली, “फोटू नको. माजं नाव काय हाय?”

“म्हणजे?”

“अकरा वर्सं झाली लग्नाला. तुमी ‘अगं’ म्हणता, लडकूभाऊ वहिनी म्हणतात, शेठ बेन म्हणतो. मी तुमचं नाव कॅसेटीत धा येळा घेतलं, सगळ्या जगासमोर. तुमी माजं एकदा घ्या.”

मी तोंड उघडलं. आणि खरं लिहितो, नाव बाहेर येईना. माझ्या बापाने आईचं नाव कधी घेतलं नाही, मी कधी घेतलं नाही. जिभेला वळणच नाही.

“इतं नको,” ती म्हणाली. “पुनवेच्या कार्यक्रमाला. चारचौगांत. उखाण्यात. तवा मी बोलंन. नायतर नाय.”

१९ मे, सोमवार

चार दिवस यमक शोधतोय. स्टोअरच्या पावत्यांच्या मागे लिहून लिहून आता पावत्या संपत आल्या. शेवटी बावीस ओळींचा उखाणा तयार केला. हिमालय आहे, क्षितिज आहे, दोनदा ‘हे प्रिये’ आहे. लडकूला वाचून दाखवला. त्याने विचारलं, “यात वहिनी कुटं हायत?”

“शेवटी, नावात.”

“म्हंजे पुन्यांदा शेवटीच का?”

गँगमनला काव्य कळत नाही. पण झोप लागेना.

२३ मे, शुक्रवार, वैशाख पौर्णिमा

कडावच्या विहारापुढचं पटांगण. संध्याकाळी सहा. कर्जत, खालापूर, चौक, पार रसायनीहून माणसं. सगळ्यांत पुढे बुधी, पाटीवर बसलेली.

मी वंदन केलं, पण गाणं म्हटलं नाही. मंडळी माइकपाशी आली आणि म्हणाली, “आज पयला उखाणा श्रीपतराव घेनार.” लोक आधी हसले, मग शिट्ट्या. तिने माइक माझ्या हातात दिला आणि खंजिरी उचलली. लडकूने ठेका धरला. तिचा ठेका. भरधाव.

मी खिशातून कागद काढला. ‘हिमालयाच्या शुभ्र शिखरी’ एवढं म्हणेपर्यंत ठेका दोन वेढे घेऊन परत आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निसटला. बारा वर्षं गाणारा माणूस मी, आणि चालत्या यस्टीमागे पळणाऱ्या उतारूसारखी माझी गत झाली. कुणीतरी ओरडलं, “बाजूला सरका!”

मंडळी हसली नाही. खंजिरी वाजवत माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, माइकला लागणार नाही असं, म्हणाली, “हितं श्वास घ्या.”

मी घेतला. कागद खिशात घातला. आणि जे आलं ते बोललो:

डबीवर फोटू माजा मोठा, आत मला नाय जागा,
पार्टी पार्टी म्हणत होतो, तिचं नाव चंद्रभागा!

पटांगणात काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. तिची खंजिरी थांबली होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते, हसून की रडून ते अजून विचारलेलं नाही. लडकूने मात्र ठेका सोडला नाही. शाबास त्याची.

मग बुधी उठून मोठ्याने म्हणाली, “आत्ता कळलं, कोन बोलते!”

चंद्रभागाने माइक घेतला आणि एका दमात अकरा उखाणे घेतले. मी मागे उभा राहून ‘हां जी’ म्हटलं. सुरात म्हटलं.

८ जून, रविवार

पुनवेनंतर शेठला कळवलं, त्यांनी मुंबईत तिसरी कॅसेट भरून घेतली, आणि आज तिच्या डबीचा नमुना आला. चंद्रभागा कडावकर आणि पार्टी. पार्टीत मी आणि लडकू. माझा फक्त हात दिसतो, पेटीवरचा. बरा आलाय.

दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी जागा उरली आहे. शेठ म्हणाले, कोरी नको. चंद्रभागा म्हणाली, “ह्यांचं कमलपुष्प घाला. दोन कडवी.”

तीन मागितली. दोनच मिळाली.

घरात मी अजून ‘अगं’च म्हणतो. काल एकदा नाव घेऊन हाक मारली तर ती पोळपाट घेऊनच बाहेर आली. म्हणाली, “कोन वारलं?”

म्हणून इथेच लिहून ठेवतो. चरित्रकारांना विनंती: या डायरीत एक जानेवारीपासून जिथे जिथे मी ‘मंडळी’ लिहिलं आहे, तिथे तिथे चंद्रभागा वाचावं.